नांदणे आणि मनाने नांदणे

वाशीपासून बेलापूरपर्यंत कोणत्याही हळदीकुंकवाला जा. ‘हल्लीच्या मुलींच्या अपेक्षा फार वाढल्या’ हे वाक्य कानी पडल्यावाचून राहत नाही. परंतु भगिनींनो, या अपेक्षा खरोखरच हल्लीच्या आहेत काय?

खाडीपलीकडच्या मुंबईत १८६४ साली जन्मलेल्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या आणि पुढे नांदावयास जाण्याचे त्यांनी नाकारले. दादाजींनी १८८४ साली हायकोर्टात दावा लावला. अजाणत्या वयात, संमतीवाचून झालेले लग्न आपल्यावर का लादावे, असे बाईंचे म्हणणे होते. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी मात्र ‘पतिगृही जा, नाहीतर सहा महिने कैद भोगा’ असे फर्माविले. बाईंनी कैद पत्करण्याची तयारी दाखविली! अखेर १८८८ साली दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी दावा सोडला. रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या व सुरत आणि राजकोट येथे त्यांनी वर्षानुवर्षे रुग्णसेवा केली.

१८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. १९५५ साली हिंदू विवाह कायद्याने द्विभार्या पद्धत बंद केली व घटस्फोटाची वाट खुली केली. रखमाबाई निवर्तल्या त्याही त्याच वर्षी. मात्र नांदावयास येण्यासाठी दावा लावण्याची तरतूद त्या कायद्याच्या नवव्या कलमात राहिलीच. कैद तेवढी गेली.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि आपले शहर वसू लागले. सासूबाई गावी, येथे दोघेच, असे संसार पुष्कळ मांडले गेले. बाई लोकलने कामावर जाऊ लागली, पण स्वयंपाकघर तिच्याचकडे राहिले. २०१९ सालच्या सरकारी पाहणीत, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे घालवितात, तर पुरुष ९७, असे दिसून आले.

म्हणून आजची मुलगी ‘स्वयंपाक दोघांनी करायचा’ असे म्हणाली, तर तो उद्धटपणा समजू नये. स्थळ पाहताना तिचे मन आधी विचारावे आणि आपल्या मुलाच्या हाती पोळपाट-लाटणे आजच द्यावे. सून आल्यावर ती शिकवणी आपल्याला जमणार नाही.