मुळात ती थंडीतली शर्यत

आयर्नमन शर्यत सुरू झाली तीच मुळी भर हिवाळ्यात. हवाईतल्या ओआहू बेटावर १८ फेब्रुवारी १९७८ रोजी ती पहिल्यांदा झाली. अमेरिकी नौदलातले जॉन कॉलिन्स आणि त्यांची पत्नी ज्युडी यांनी बेटावरच्या तीन निरनिराळ्या शर्यती एकापुढे एक जोडल्या: ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि वर पूर्ण मॅरेथॉन. १५ जण उतरले, १२ जणांनी ती पुरी केली.

हवाईत थंडी नावालाच. पण स्पर्धक जिथून येत तिथली थंडी हाडं गोठवणारी. जानेवारी-फेब्रुवारीत शर्यत म्हणजे सरावाचे सगळ्यात जड आठवडे डिसेंबर-जानेवारीत, रस्त्यावर बर्फ असताना. म्हणून १९८२ साली ती दोनदा घेतली, फेब्रुवारीत आणि ऑक्टोबरमध्ये, आणि पुढे ऑक्टोबरच रुळला. त्या शेवटच्या फेब्रुवारीत ज्युली मॉस ही मुलगी अंतिम रेषेपाशी कोसळली आणि रांगत पोहोचली. टीव्हीवरच्या त्या दृश्याने हा खेळ जगाला माहीत झाला. थंडीतल्या शर्यतीनेच त्याला नाव मिळवून दिलं, आणि त्याच वर्षी थंडीशी त्याचं नातं तुटलं.

या थंडीच्या काळातला माझा माणूस म्हणजे डेव्ह स्कॉट. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसचा. अमेरिकेत सायकलसाठी रस्त्यावर वेगळी पट्टी पहिल्यांदा आखली ती याच गावाने, १९६७ साली. हिवाळ्यात डेव्हिसच्या खोऱ्यात जमिनीलगत इतकं दाट धुकं उतरतं की पुढचं वाहन दिसत नाही. जानेवारी १९८० च्या शर्यतीआधीचे महिने नेमके या धुक्याचे. आधीच्या दोन्ही विजेत्यांना अकरा तासांहून जास्त वेळ लागला होता. स्कॉटने ९ तास २४ मिनिटांत शर्यत मारली. पुढे १९८७ पर्यंत तो एकूण सहा वेळा जिंकला, आणि ही सारी वर्षं तो शाकाहारी होता. कॉटेज चीज, म्हणजे आपल्या ओल्या पनीरसारखा नासवलेल्या दुधाचा प्रकार, तो नळाखाली धरून धुऊन घ्यायचा. त्यातला स्निग्धांश जावा म्हणून. चव तर सगळी वाहूनच जात असणार. जिंकायची इच्छा किती बारीकसारीक गोष्टींपर्यंत जाते, ते मला त्या धुण्यात दिसतं.

‘नुसत्या भाजी-भाकरीवर एवढी ताकद येते कुठून?’ हे लोक मला, शाकाहारी म्हणून, अजूनही विचारतात. याचं उत्तर १८६५ सालीच मिळालं आहे. लीबिग या मोठ्या रसायनशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की, स्नायू काम करतात ते स्वतःतली प्रथिनं जाळून. आडोल्फ फिक आणि योहानेस विस्लिसेनुस या दोन प्राध्यापकांनी त्याची परीक्षाच घेतली. आदल्या दुपारपासून प्रथिनं बंद. चरबीत तळलेल्या स्टार्चच्या चकत्या आणि साखर घातलेला चहा एवढ्यावर ते स्वित्झर्लंडमधला फाउलहॉर्न डोंगर चढले, सरोवराच्या काठापासून जवळजवळ दोन हजार मीटर. वाटेत आणि वर लघवी जमवून तिच्यातला नायट्रोजन मोजला. जळालेल्या प्रथिनांतून ती चढण निघणं शक्यच नव्हतं. इंधन पिष्टाचं आणि स्निग्धाचं. प्रथिनं लागतात ती झीज भरून काढायला. ती मी मोडाच्या मटकीतून, कुळथाच्या पिठल्यातून आणि दह्यातून घेते.

मी नाशिकची. आमच्याकडे थंडी पडली की बाजरी निघते. बाजरीचं पीठ चार दिवसांत कडू व्हायला लागतं, म्हणून माझ्या सासूबाई थोडंथोडंच दळून आणतात. भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यावर टाकली की टम्म फुगते, तेव्हाच पापुद्रा उचलून आत लोणी सोडायचं. रविवारी त्र्यंबकच्या रस्त्याने सायकलवर लांब जायचं असलं की आदल्या रात्री मी हेच जेवते, सोबत गूळ. जर्सीच्या मागच्या खिशात तिळाची वडी: तीळ म्हणजे स्निग्ध, गूळ म्हणजे साखर. फिकच्या शिदोरीत तरी दुसरं काय होतं? उन्हात एनर्जी जेलची पाकिटं तापून चिकट होतात. थंडीत वडी खुटखुटीत राहते.

हवाईची शर्यत ऑक्टोबरमध्ये नेण्याची गरज गोठणाऱ्या मुलखांची होती, आपली नव्हे. गोव्यात २०१९ साली मिरामारला अर्ध्या पल्ल्याची आयर्नमन सुरू झाली तीही ऑक्टोबरातच. त्यासाठी आपल्याकडची मुलं-मुली सराव करतात ती आषाढ-श्रावणात, खड्ड्यांतून, निसरड्या डांबरावर, धरणाचं पाणी गढूळ असताना. माझ्या गटातल्या एका मुलीचं मनगट अशाच एका पावसात मोडलं. मला मनापासून वाटतं की आपल्याकडे पूर्ण पल्ल्याची शर्यत फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात व्हावी. तोवर पाऊस जाऊन तीन महिने कोरड्या रस्त्यावर सराव झालेला असतो, पाणी निवळलेलं असतं आणि ऊन अजून तापायचं असतं.