इब्री स्तोत्रांतील नीतिमान आणि दुर्जन

प्राचीन इब्री लोकांच्या स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे असून तिचे पाच भाग पाडलेले आहेत. पहिल्याच स्तोत्रात माणसांचे दोन वर्ग समोर उभे राहतात: नीतिमान हा पाण्याच्या काठी लावलेल्या वृक्षासारखा, तर दुर्जन वाऱ्याने उडणाऱ्या भुसासारखा. नागभीडकडील धानपट्टीच्या वाचकास ही उपमा उलगडून सांगावी लागत नाही. बोडीच्या काठचे झाड उन्हाळ्यातही तग धरते, आणि खळ्यावर धान उफणताना दाणा खाली पडून फोल वाऱ्याबरोबर जाते, हे तो नित्य पाहत आला आहे.

मूळ शब्द मात्र ‘त्सद्दीक’ व ‘राशा’ असे आहेत, आणि त्यांचा संबंध न्यायसभेशी आहे. ज्याची बाजू खरी ठरते तो त्सद्दीक. ज्याच्यावर दोष शाबीत होतो तो राशा. आपल्या सज्जन-दुर्जन या जोडीने स्वभाव कळतो, इब्री जोडीने निवाडाही कळतो. म्हणूनच या काव्यात फिर्यादीचा स्वर वारंवार ऐकू येतो.

परंतु निवाडा लांबला तर? ३७ व्या स्तोत्रातील वृद्ध कवी, नीतिमानाच्या लेकरांवर भिक्षेची पाळी आलेली आपण पाहिली नाही, अशी ग्वाही देतो. उलट ७३ व्या स्तोत्राचा कवी दुर्जनांची भरभराट पाहून आपले पाऊल घसरता घसरता वाचल्याचे सांगतो. देवालयात गेल्यावरच त्याचे मन ठिकाणावर येते.

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) इब्री व ग्रीक भाषा शिकून केडगाव येथे संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या पश्चात १९२४ साली प्रसिद्ध झाले. तीर्थयात्रा व पुराणकथन यांत आयुष्य वेचणारे त्यांचे आईवडील १८७० नंतरच्या दुष्काळात अन्नावाचून गेले होते. ३७ व्या स्तोत्रातील ग्वाही ज्या लेखणीने मराठीत उतरविली, तिच्या मागे हा अनुभव उभा होता.

संहिताकारांनी ग्वाही ठेवली आणि तक्रारही पुसली नाही, यातच त्यांचा प्रामाणिकपणा आहे, असे आम्हांस वाटते. शिवाय १४३ व्या स्तोत्रात, ईश्वरासमोर कोणीही जीव निर्दोष ठरत नाही, अशी कबुली आहे. तेव्हा स्वतःस वृक्ष व शेजाऱ्यास भूस ठरविण्याची घाई या स्तोत्रांच्या वाचकाने करू नये.