काका बाप्टिस्टा : प्रशस्तिपत्रापलीकडे

आमच्या राष्ट्रनिष्ठेविषयी कुणी शंका घेतली की आम्ही लगेच जोसेफ ऊर्फ काका बाप्टिस्टा यांचे नाव पुढे करतो. स्वराज्याच्या जन्मसिद्ध हक्काची लोकमान्यांची घोषणा मुळात काकांचीच, असेही अभिमानाने सांगतो. त्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. पण ते न मिळाले तरी काकांचे मोठेपण उणे होत नाही.

आमच्या समाजाने १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, राजनिष्ठेपोटी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. त्याच समाजातले, १८६४ साली माझगावात जन्मलेले हे बॅरिस्टर १९१६ साली बेळगावात टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले. राज्यकर्ते स्वधर्मीय असताना त्यांच्याकडे स्वराज्य मागणे सोपे नव्हते.

१९२० साली मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तेव्हा काका स्वागताध्यक्ष होते. गांधीजींचा असहकार मात्र त्यांना पटला नाही. ते सनदशीर मार्गानेच चालले व १९२५ साली मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. पुढे स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास गांधीयुगाभोवती गुंफला गेला आणि १९३० साली निवर्तलेले काका त्याच्या कडेला राहिले. त्यांचा हा मतभेद आम्हीही झाकून ठेवतो. तसे करण्याचे कारण नाही. ज्यांनी राज्यकर्त्यांची भीड धरली नाही, त्यांनी स्वकीयांचीही धरली नाही, इतकेच.

काका हे आमच्या देशभक्तीचे प्रशस्तिपत्र नव्हेत. ते कामगारांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचे नाव घेताना आम्ही कुणाच्या पाठीशी उभे आहोत, हे आधी स्वतःला विचारावे.