चॅटबॉट चुकला तर भरपाई कोण देणार?

कंपनीच्या व्हॉट्सअ‍ॅपवर झटपट उत्तर देतो तो बऱ्याचदा चॅटबॉट असतो. जुना बॉट ‘१ दाबा, २ दाबा’ एवढंच जाणायचा. जनरेटिव्ह एआयचा नवा बॉट साध्या मराठीतला प्रश्न ओळखून उत्तर स्वतः जुळवतो; कधी चुकीचंही, तेही ठामपणे.

कॅनडात २०२२ मध्ये आजी वारल्यावर एकाने एअर कॅनडाच्या बॉटला सवलत विचारली. ‘आधी तिकीट काढा, ९० दिवसांत अर्ज करा,’ असं उत्तर आलं. प्रवासानंतर सवलत द्यायचा नियमच नव्हता. बॉट स्वतःच जबाबदार, असं कंपनी म्हणाली म्हणे! न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ते फेटाळून भरपाई द्यायला लावली. प्रवाशाकडे स्क्रीनशॉट होता.

हा निकाल भारताला लागू नाही. तरी विमा-कर्जाबाबत बॉटने काही सांगितलं, तर स्क्रीनशॉट ठेवावा आणि शाखेत विचारून घ्यावं.