चॉटनमधील सामूहिक वाचन आणि ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ (१८१३)

प्रस्तावना

कादंबरीवाचन ही एकांतात करावयाची कृती आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचा इंग्लंडमधील वाचनव्यवहार पाहता हे गृहीतक अपुरे ठरते. जेन ऑस्टिन (१७७५-१८१७) यांच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ या प्रेमकथेच्या घरगुती वाचनाच्या आधारे प्रस्तुत लेखात या वाचनसंस्कृतीचा विचार केला आहे.

ग्रंथांची किंमत आणि ग्रंथमंडळे

तीन खंडांच्या या कादंबरीची किंमत १८ शिलिंग होती. बेताच्या उत्पन्नाच्या कुटुंबांना असे ग्रंथ वरचेवर विकत घेणे शक्य नव्हते. त्यामुळे वर्गणीवर चालणारी वाचनालये आणि खेडोपाडी स्थापन झालेली ग्रंथमंडळे यांना महत्त्व आले. हॅम्पशायरमधील चॉटन येथेही असे मंडळ होते. जानेवारी १८१३ मधील पत्रात जेन त्याचा अभिमानाने उल्लेख करतात. कॅप्टन पास्ली यांच्या लष्करी धोरणावरील ग्रंथास त्यांनी प्रथम विरोध केला होता. परंतु मंडळामुळे तो हाती पडला व वाचल्यावर अतिशय आवडला. सामूहिक निवडीमुळे व्यक्तीच्या अभिरुचीच्या मर्यादा ओलांडल्या जातात, हे यावरून स्पष्ट होते.

चॉटनमधील वाचन

२७ जानेवारी १८१३ रोजी कादंबरीची प्रत लंडनहून चॉटनला पोहोचली. त्याच दिवशी मिस बेन ही गरीब, अविवाहित शेजारीण जेवणास आली होती. सायंकाळी तिला पहिल्या खंडाचा निम्मा भाग वाचून दाखविण्यात आला. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव नव्हते. हेन्री या बंधूंकडून नव्या पुस्तकाची वार्ता कळल्याने ते मागविले, एवढेच तिला सांगण्यात आले. लेखिका समोर बसली असूनही तिला संशय आला नाही. नायिका एलिझाबेथ मात्र तिला मनापासून आवडली. नावाचे दडपण नसल्याने हा अभिप्राय लेखिकेच्या दृष्टीने मोलाचा होता.

दुसऱ्या वाचनाच्या वेळी तेवढी रंगत आली नाही. आईने घाईने वाचल्यामुळे पात्रांचे संवाद हवे तसे उठले नाहीत, अशी खंत जेन यांनी बहीण कॅसान्ड्रा हिला कळविली. कादंबरीचा परिणाम वाचणाऱ्याच्या आवाजावरही अवलंबून असे, हे येथे दिसते. पुढे ‘मॅन्सफील्ड पार्क’ व ‘एमा’ यांविषयी आप्तेष्टांची मते, प्रतिकूल मतांसह, जेन यांनी लिहून ठेवली.

निष्कर्ष

सामूहिक वाचनामुळे महाग ग्रंथ अल्प उत्पन्नाच्या स्त्रीपर्यंत पोहोचला आणि निनावी लिहिणाऱ्या स्त्रीला निर्भेळ श्रोता लाभला. मिस बेन यांचा अभिप्राय लेखिकेच्याच पत्रांतून कळतो, ही या साधनांची मर्यादा होय. तथापि, कादंबरीच्या इतिहासात लेखक व प्रकाशक यांच्याबरोबरच अशा श्रोत्यांचीही नोंद घेणे आवश्यक आहे.