मृतक संघ : कागदावर मेलेल्यांचे राजकारण

जून १९८८. अमिताभ बच्चन यांच्या राजीनाम्यामुळे रिकाम्या झालेल्या अलाहाबादच्या लोकसभा जागेसाठी पोटनिवडणूक होत होती. काँग्रेसमधून बाहेर पडलेले विश्वनाथ प्रताप सिंह एका बाजूला, काँग्रेसचे सुनील शास्त्री दुसऱ्या बाजूला आणि तिसरे कांशीराम. साऱ्या देशाचे लक्ष या तिघांकडे होते. त्याच रिंगणात आणखी एक उमेदवार उभा होता. सरकारी दप्तराप्रमाणे तो बारा-तेरा वर्षांपूर्वीच मरण पावला होता.

त्याचे नाव लाल बिहारी. पुढे त्यांनी स्वतःच नावामागे ‘मृतक’ हे उपपद जोडले, आणि आज ते त्याच नावाने ओळखले जातात.

लाल बिहारी यांचा जन्म १९५५चा, आझमगढ जिल्ह्यातला. वडील ते अगदी तान्हे असताना गेले. आई मुलाला घेऊन मुबारकपूरजवळच्या अमिलो गावी आली. मुबारकपूर हा रेशमी विणकरांचा कसबा. बाजारात बनारसी म्हणून विकल्या जाणाऱ्या साड्यांपैकी पुष्कळ साड्या तिथल्या मागांवर निघतात. हा मुलगा लहानपणापासून त्याच कामात पडला. विशी गाठल्यावर दुसऱ्याच्या मागावर राबण्यापेक्षा स्वतःचा माग टाकावा असे त्याला वाटले. त्यासाठी बँकेचे कर्ज हवे आणि कर्जाला जमिनीचा कागद हवा. वडिलोपार्जित जमीन खलीलाबाद या गावी होती. तिचा उतारा काढायला तो महसूल कचेरीत गेला, तेव्हा उताऱ्यावर काकांचे नाव होते आणि लाल बिहारी मयत झाल्याची नोंद होती.

ते स्वतः सांगतात की ज्या लेखपालासमोर ते उभे होते, तो त्यांना चांगला ओळखत होता. पण कागद सांगतो तेच खरे, असे त्याचे उत्तर होते.

हे घडू कसे शकले, यासाठी उत्तर प्रदेशाच्या महसूल इतिहासात थोडे मागे जावे लागते. १ जुलै १९५२ रोजी त्या राज्यात जमीनदारी संपली. कालपर्यंतचे कूळ आज सरकारदरबारी थेट खातेदार झाले, आणि गावोगावच्या दप्तराला पूर्वी कधी नव्हते इतके मोल आले. हे दप्तर ज्यांच्या हाती होते त्या पटवाऱ्यांनी १९५३ मध्ये आपल्या मागण्यांसाठी सामुदायिक राजीनामे दिले. सरकार नमेल अशी त्यांची अटकळ होती. महसूलमंत्री चौधरी चरण सिंह यांनी सुमारे २७ हजार राजीनामे सरळ मंजूर करून टाकले आणि ‘लेखपाल’ हे नवे पद निर्माण केले. स्वतंत्र भारतातल्या कामगार लढ्यांच्या इतिहासात इतका थंड डोक्याने मोडलेला लढा क्वचितच सापडेल. पटवारी गेला, पण त्याची लेखणी लेखपालाच्या हाती जशीच्या तशी आली. आपल्याकडे तलाठ्याच्या हाती सातबारा असतो, तशी तिकडे लेखपालाच्या हाती खतौनी. खातेदार मेला की वारसाचे नाव चढवायचे, याला तिकडे ‘वरासत’ म्हणतात. वारसाबद्दल तक्रार नसेल तर हे काम खालच्या पातळीवरच उरकते. मृताला हजर राहण्याची नोटीस काढण्याची पद्धत अर्थातच कुठेही नाही.

वरवर पाहता कायदा लाल बिहारी यांच्या बाजूने होता. १८७२च्या पुरावा अधिनियमाचे १०७ वे कलम तेव्हा सांगत असे की गेल्या तीस वर्षांत जिवंत असल्याचे दिसून आलेला माणूस मेला आहे असे ज्याचे म्हणणे असेल, त्यानेच ते सिद्ध करावे. पण महसुली नोंदीलाही कायद्याने सत्याचा मान दिलेला आहे. ती खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते. खोटी ठरवण्यासाठी वाद घालावा लागतो, आणि वाद घालणारा माणूस आधी अस्तित्वात असावा लागतो.

दप्तर आणि देह यांच्यातले भांडण मराठी वाचकाला नवे नाही. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले हे पुण्यातल्या कारभाऱ्यांनी मान्य केले, पण पार्वतीबाईंनी केले नाही. १७८३ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या सुवासिनी म्हणूनच राहिल्या. मी भाऊ आहे असे म्हणत आलेल्या तोतयाला मात्र १७७६ मध्ये देहदंड झाला. बंगालात भवालच्या कुमाराची कथा त्याहून विलक्षण. १९०९ मध्ये दार्जिलिंगला ‘मेलेला’ हा जमीनदार बारा वर्षांनी संन्याशाच्या वेशात ढाक्यात प्रकटला. सरकारच्या ताब्यात गेलेल्या आपल्या इस्टेटीसाठी तो ढाका, कलकत्ता आणि थेट लंडनची प्रिव्ही कौन्सिल असा लढला. शेकडो साक्षीदार तपासले गेले. १९४६ मध्ये त्याची सरशी झाली आणि काही दिवसांतच तो खरोखर वारला. पण हे पेशव्यांचे आणि राजेराजवाड्यांचे मरण झाले. खलीलाबादच्या त्या जमिनीचे क्षेत्र एक एकरही नव्हते. तिच्यासाठी बॅरिस्टर कोण उभा करणार?

मेलेल्या माणसाला मजुरी करता येते. मागाचा मालक काही उतारा मागत नाही. मेलेल्याला कर्ज मात्र मिळत नाही, जमीन विकता येत नाही, की गहाण टाकता येत नाही. म्हणजे त्या एका नोंदीने खातेदाराचा केवळ हात शिल्लक ठेवला होता, राबण्यापुरता. उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात जिथे वाटण्या होऊन होऊन शेताचे तुकडे रुमालाएवढे झाले होते, तिथे भाऊबंदाला मारण्याची ही सर्वांत स्वस्त आणि रक्तहीन रीत ठरली. विधवांच्या बाबतीत तर मारण्याचीही गरज नव्हती. त्या राज्याच्या जमीन कायद्यानुसार पतीकडून आलेल्या जमिनीवरचा विधवेचा हक्क पुनर्विवाहाने संपत असे. तिचा पाट लागला एवढे दाखवले की काम झाले.

अर्जविनंत्या करून थकल्यावर लाल बिहारी यांनी वेगळी वाट धरली, आणि या कथेचा खरा रस तिथे आहे. राज्ययंत्रणा आपल्याला जिवंत म्हणून वागवील असा प्रसंगच तिच्यावर आणायचा, असे त्यांनी ठरवले. त्यांनी काकांच्या मुलाला पळवून नेले. गुन्हा नोंदवला गेला की आरोपीचे नाव लिहावे लागेल आणि मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, हा त्यामागचा हिशेब. नातलगांनी तो ओळखला. ते पोलिसांत गेलेच नाहीत, आणि मुलाला परत पाठवावे लागले. हा प्रसंग आज कौतुकाने सांगितला जातो. त्या पोरावर काय गुजरले असेल, हे त्या कौतुकात हरवते.

मग त्यांनी आपल्या पत्नीसाठी विधवा पेन्शनचा अर्ज केला. हा डाव अधिक तल्लख होता. पेन्शन द्यावी, तर नवरा मेल्याचे कबूल करून पैसे मोजावे लागतात. नाकारावी, तर तो जिवंत असल्याचे मानावे लागते. पेन्शन मिळाली नाही, पण नोंदही बदलली नाही. सरकारी कचेरीला तर्काच्या दोन टोकांमध्ये कायमचे बसून राहता येते, हे त्या अर्जाने दाखवून दिले. त्यांनी स्वतःची प्रेतयात्राही काढली.

१९८६ मध्ये लखनौच्या विधानसभेत प्रेक्षकांच्या सज्जातून त्यांनी सभागृहात पत्रके भिरकावली. भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी १९२९ मध्ये दिल्लीच्या मध्यवर्ती विधिमंडळात टाकलेली पत्रके येथे कुणालाही आठवतील. या वेळी बहिऱ्यांना ऐकवण्याची मागणी मात्र एवढीच होती, की मला जिवंत करा.

आणि मग निवडणुका. १९८८ मध्ये अलाहाबादला वि. प्र. सिंह यांच्याविरुद्ध, १९८९ मध्ये अमेठीला थेट पंतप्रधान राजीव गांधी यांच्याविरुद्ध. जिंकण्याचा प्रश्नच नव्हता. पण १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे लोकसभेचा उमेदवार देशातल्या कोणत्या तरी मतदारसंघाचा नोंदलेला मतदार असावाच लागतो. अर्ज वैध ठरला, म्हणजे निवडणूक यंत्रणेच्या यादीत हा माणूस धडधाकट होता आणि महसूल यंत्रणेच्या वहीत मयत. तेव्हा लोकसभेची अनामत ५०० रुपये होती, आणि भरलेल्या अनामतीची पावती उमेदवाराच्या नावाने फाडली जाते. जमिनीच्या उताऱ्यासाठी दहा वर्षे खेटे घालूनही जे मिळाले नव्हते, ते, म्हणजे आपल्या नावाचा सरकारी कागद, पाचशे रुपयांत मिळत होता. लोकशाहीचा इतका काटकसरी उपयोग फार थोड्यांना सुचला असेल.

याच धामधुमीत ‘उत्तर प्रदेश मृतक संघ’ उभा राहिला. संघ निघाला आणि ध्यानात आले की हे एकट्याचे दुखणे नव्हतेच. गावोगावचे ‘मृत’ येऊन भेटू लागले. संघाचे म्हणणे असे की त्यांची संख्या हजारोंत आहे. कामगारांच्या संघटना असतात, शेतकऱ्यांच्या असतात. मृतांची संघटना हा विनोद वाटतो. पण संघटनेचे सभासद होण्यासाठी जी पात्रता लागते, म्हणजे एकाच अन्यायाने गांजलेले असणे, ती या मंडळींकडे पुरेपूर होती. त्यांतला वाराणसी जिल्ह्यातला एक तरुण तर मुंबईत स्वयंपाक्याचे काम करून पोट भरत असताना गावाकडे मयत ठरला होता. मुंबईत त्याच्या हातचे जेवण लोक जेवत होते.

३० जून १९९४ रोजी आझमगढच्या प्रशासनाने नोंद दुरुस्त केली. जवळजवळ १९ वर्षांनी लाल बिहारी जिवंत झाले. ज्या जमिनीसाठी हा सारा खटाटोप केला, ती त्यांनी चुलत भावांकडेच राहू दिली.

संघाचे काम मात्र थांबले नाही. १९९९ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने ही हकिकत छापल्यावर अलाहाबाद उच्च न्यायालयाने दखल घेतली आणि अशा ‘मृतां’चा शोध घ्यायला राज्य सरकारला सांगितले. पाठोपाठ राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानेही विचारणा केली. म्हणजे आझमगढचे गाऱ्हाणे लखनौला ऐकू जाण्यासाठी न्यूयॉर्कच्या साप्ताहिकाला वळसा घालावा लागला. २००३ मध्ये, तेव्हा हार्वर्डला दिला जात असलेला, शांततेचा ‘इग नोबेल’ हा विनोदी पुरस्कार त्यांना जाहीर झाला. भारत सरकारने त्यांना पासपोर्ट दिला, पण अमेरिकेने प्रवेश नाकारला. पुरस्कार त्यांच्या वतीने दुसऱ्यानेच स्वीकारला. २०२१ मध्ये सतीश कौशिक यांनी याच कथेवर ‘कागज’ हा चित्रपट काढला, त्यात पंकज त्रिपाठी होते.

यानंतर लाल बिहारी यांनी हरवलेल्या वर्षांची भरपाई म्हणून २५ कोटी रुपयांची मागणी उच्च न्यायालयात केली. २०२३ मध्ये न्यायालयाने ती फेटाळली आणि याचिकाकर्त्यावर दहा हजार रुपयांचा भुर्दंड बसवला. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी पोलिसांनी गुन्हा नोंदवावा, सरकारने आपल्याला शिक्षा करावी, म्हणून ज्याने जिवाचे रान केले, त्याला अखेर दंड झाला होता. आता तो भरणारा माणूस जिवंत आहे की नाही, अशी शंका मात्र कोणीही काढली नाही.