कचेरीतला पंच

शिट्टी वाजवतो तो पंच, अशी आपणा प्रेक्षकांची समजूत. मला मात्र वाटते की खेळाचा पहिला पंच महाविद्यालयाच्या कचेरीत बसतो. खेळाडूच्या पात्रता-पत्रकावर सही करणारे प्राचार्य, तेच हे पंच!

आमच्या खानदेशात हे पद फार जुने नाही. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. एकाचे ठाणे जळगाव, दुसऱ्याचे धुळे. जळगावात मूळजी जेठा महाविद्यालय निघाले ते त्यानंतर. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले, तेव्हा खानदेश त्याच्या कक्षेत आला. आणि १९९० साली जळगावास स्वतःचे विद्यापीठ मिळाले. दरबार घरी आला, तशी जबाबदारीही घरी आली.

आता समजा, संघातला हुकमी खेळाडू वर्गात कुणी पाहिलेलाच नाही, अशी कुजबुज उठली. समोर ढाल दिसते आहे, गाव खुशीत आहे. आमच्याकडे तर तक्रार करणारे आणि ज्यांच्यावर तक्रार ते, एकाच लग्नाच्या पंगतीत भेटायचे! अशा वेळी ‘सामने होऊन जाऊ द्या, मग बघू’ हे वाक्य फार गोड लागते.

ह्या गोडव्याची किंमत अमेरिकेतल्या डॅलसच्या सदर्न मेथॉडिस्ट विद्यापीठाने मोजली. फुटबॉलपटूंना चोरून पैसे देण्याबद्दल १९८५ साली त्यास शिक्षा झाली होती. तरीही १३ खेळाडूंना मिळून सुमारे ६१ हजार डॉलर पोचलेच. १९८७ साली त्या वर्षीचे सारे सामने रद्द झाले. आणि टेक्ससचे गव्हर्नर बिल क्लेमेंट्स ह्यांनी कबूल केले, की नियामक मंडळाचे अध्यक्ष असताना त्यांना हे ठाऊक होते. पैसे एकदम न थांबवता हळूहळू बंद करायचे ठरले होते. पुढच्या वर्षी विद्यापीठाने आपण होऊनच संघ उतरवला नाही. शिक्षा पैसे न घेतलेल्या मुलांनीही भोगली.

म्हणून प्राचार्यांचे काम चार ओळींत मावते. कुजबुज कानी येताच हजेरीपट आणि दाखले मागवावेत. चौकशी संघाच्या शिक्षकाकडे न देता तिऱ्हाइताकडे द्यावी. मुलाचे म्हणणे ऐकल्यावाचून त्याला दोषी ठरवू नये. शंका खोटी ठरली, तर तसे चारचौघांत सांगावे. आणि खरी ठरली, तर दुसऱ्याने बोट दाखवण्याआधी आपणच विद्यापीठास कळवावे.

ढाल एखाद्या वर्षी धुळ्याला जाईल, एखाद्या वर्षी जळगावला. सही मात्र कायमची राहते.